फितीच्या कडेची चार छिद्रे

गेल्या लग्नसराईत गंगाखेडला एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्ताला अवकाश होता. मांडवाच्या कडेला फोटोग्राफर आपली बॅग उघडून बसला होता आणि जुन्या सवयीने मी त्याच्याशी बोलत बसलो. बॅगेत एक नवा मिररलेस कॅमेरा होता, जुन्या कॅमेऱ्याच्या तीन लेन्स होत्या आणि या दोघांची गाठ घालून देणारी एक काळी कडी होती. धंद्यातले लोक तिला अडॅप्टर म्हणतात. नवी बॉडी त्याने हप्त्यांवर घेतली होती. लेन्स दहा-बारा वर्षांच्या कमाईतून एकेक करून जमवलेल्या. नव्या बॉडीचे तोंड वेगळे, जुन्या लेन्सचे वेगळे; म्हणून मध्ये ही कडी. स्वस्तातली, दुसऱ्या कंपनीची नवी लेन्स घ्यावी तर ती या तोंडाला मिळत नाही, कारण त्या तोंडावर कंपनीचे पेटंट आहे. याच कंपनीबरोबर राहावे की सगळे विकून दुसरीकडे जावे, हा त्याचा प्रश्न होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात अक्षता वाटायला सुरुवात झाली आणि तो उठला.

परभणीकडे परतताना गाडी गोदावरीच्या पुलावर आली. जनाबाईच्या या गावात गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पूल ओलांडता ओलांडता मला याच नदीच्या उगमाशी जन्मलेला एक माणूस आठवला. त्याच्याही पुढे एकदा हाच प्रश्न उभा होता: यंत्र एकाचे, फिल्म दुसऱ्याची, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतील की नाही? त्याचे नशीब असे की ती जुळली. जुळली म्हणून आपल्याकडे चित्रपट झाला. दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रात त्यांची जिद्द, कर्ज आणि पत्नीचे दागिने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. फितीच्या कडेला असलेल्या छिद्रांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलाने शास्त्रीपण पुढे चालवावे असे घराण्याचे वळण होते. पण मुलाचा हात रंगात आणि यंत्रात रमणारा निघाला. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची जागा मिळाली, कुटुंब तिकडे गेले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी तो थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला. तिथले कलाभवन ही त्याची खरी शाळा. कलाभवनाचे प्रमुख गज्जर यांनी या मुलाचा वकूब ओळखला आणि छायाचित्रणाचे दालन त्याला मोकळे करून दिले. १८९० मध्ये त्याने एक कॅमेरा विकत घेतला. तो अर्थात स्थिरचित्रांचा. फोटो काढणे, धुणे, छापणे, ब्लॉक करणे, तीन रंगांत छपाई करणे हे सगळे तो स्वतःच्या हाताने शिकला. ठसे करण्याची विद्या शिकायला त्याला रतलामला पाठवण्यात आले होते.

यानंतरची वीस वर्षे म्हणजे एकामागून एक धंदे. गोध्य्रात फोटो स्टुडिओ काढला. प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेले. बडोद्यात पुन्हा मांड मांडावी तर कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होते, असा समज लोकांत होता. मग नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकून आडनाव उलटे वाचून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते केले. १९०२ मध्ये दुसरे लग्न झाले. करंदीकरांची गिरिजा सरस्वती होऊन घरात आली. तिच्याविषयी पुढे येईलच. १९०३ पासून काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशेनवीस म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यात छापखाना काढला, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी कामे केली, पुढे छापखाना दादरला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटले नाही तेव्हा नावारूपाला आलेल्या त्या धंद्यातून अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडले. वय चाळीस.

चरित्रकार या काळाला भटकंती म्हणतात. मला तसे वाटत नाही. भिंग, प्रकाश, रसायन, पडदा, दृष्टिभ्रम, यंत्राची जुळणी, कारागीर सांभाळणे: चित्रपटाला जे जे लागते ते ते या माणसाने चित्रपट माहीत होण्यापूर्वीच शिकून ठेवले होते. कमी होते ते फक्त यंत्र.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांना राम-कृष्ण दिसत होते, ही हकिगत आता सर्वांना पाठ आहे. त्यानंतर त्यांनी रोज चार-पाच तास चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. घरी एक लहानसे यंत्र आणि रिळे आणून मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडली. जागरणांनी आणि ताणाने डोळे गेले, काही दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्याने दृष्टी परत आली. मग विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनच्या बोटीत बसले.

इथे थोडे थांबून त्या काळच्या बाजाराकडे पाहायला हवे.

चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद. हे माप एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९२ च्या आसपास ठरले. एडिसनचा मदतनीस डिक्सन याने ईस्टमनची ७० मिलिमीटरची फिल्म मधोमध उभी कापली आणि दोन्ही कडांना छिद्रे पाडली: एका चित्रामागे प्रत्येक बाजूला चार. कॅमेऱ्यातले दाते या छिद्रांत अडकतात, फीत खाली ओढतात, क्षणभर थांबवतात आणि पुन्हा ओढतात. छिद्रांतले अंतर केसभर चुकले तर पडद्यावर चित्र थरथरते. एडिसनने आपल्या यंत्रांची पेटंटे अमेरिकेत घेतली, पण युरोपात घेतली नाहीत. ही त्याची चूक की बेपर्वाई, हा वाद सोडून देऊ. परिणाम असा झाला की लंडनच्या रॉबर्ट पॉलने एडिसनच्या यंत्राची बिनधास्त नक्कल केली, आणि त्याच्यामागून इंग्लंडात कॅमेरे करणाऱ्या कारागिरांची एक फळीच उभी राहिली. होव्ह गावचा जेम्स विल्यमसन त्यातलाच. १९०९ मध्ये पॅरिसला निर्मात्यांची परिषद भरली आणि ३५ मिलिमीटर फीत व चार छिद्रे हे माप सर्वांनी मान्य केले.

त्याच वेळी अमेरिकेत काय होते? १९०८ च्या अखेरीस एडिसनने इतर पेटंटधारकांना गोळा करून एक जूट उभी केली होती. कॅमेऱ्याचे पेटंट, प्रोजेक्टरचे पेटंट, फीत सैल ठेवणाऱ्या वळशाचेसुद्धा पेटंट. परवाना नसेल त्याने चित्रपट काढायचा नाही. सुरुवातीची काही वर्षे ईस्टमन कंपनी कच्ची फिल्मही फक्त परवानाधारकांनाच देत असे. या जाचातून निसटण्यासाठीही काही स्वतंत्र निर्माते पूर्व किनाऱ्यापासून लांब कॅलिफोर्नियाला गेले. ही जूट न्यायालयात मोडली ती १९१५ मध्ये. आणि प्रोजेक्टरचे पेटंट आपल्याकडे आहे म्हणून त्यावर कोणाची फिल्म लावायची हे सांगता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९१७ मध्ये.

फाळके १९१२ मध्ये लंडनऐवजी न्यूयॉर्कला उतरले असते तर? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो हे मान्य. पण गहाण ठेवलेल्या पॉलिसीच्या बळावर आलेल्या एकट्या माणसाला त्या जुटीने दारात उभे केले असते, असे मला वाटत नाही.

लंडनमध्ये त्यांची ओळख 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांशी, कॅबोर्न यांच्याशी झाली. हिंदुस्थानात हा धंदा चालेल का, अशी शंका कॅबोर्ननी घेतली. तरी या माणसाची तळमळ पाहून त्यांनीच फाळक्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थनी स्टुडिओची सगळी खाती दाखवली, काहीही झाकले नाही. त्यांच्या सल्ल्याने फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परतले. कॅमेरा एका कारखानदाराचा, फिल्म दुसऱ्याची. तरी ती एकमेकांत बसणार याची खात्री होती, कारण चार छिद्रांचे माप कोणा एकाच्या मालकीचे उरले नव्हते. गंमत अशी की हिंदुस्थानचा नवा पेटंट कायदाही त्याच वर्षी, १९१२ मध्ये, अमलात आला.

सामान मे महिन्यात दादरला पोहोचले. आराखड्यावरून फाळक्यांनी चार दिवसांत यंत्र जुळवले. आता सरस्वतीबाईंचे काम सुरू झाले. कच्ची फिल्म त्या काळी बिनछिद्रांची येई. छिद्रे ज्याची त्याने पाडायची, आणि तीही काळोखात, नाहीतर फिल्म वाया. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फितीला छिद्रे पाडणे. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे, एका चित्राला दोन्ही कडा मिळून आठ छिद्रे. नुसता पडद्यावर आलेला भाग धरला तरी निगेटिव्हवर चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे छिद्रे होतात. वाया गेलेली फिल्म आणि पडद्यावर दाखवायची प्रत वेगळीच. या बाईंचे नाव चित्रपटाच्या इतिहासात एखाद्या ओळीत येते आणि ती ओळ बहुधा दागिन्यांची असते.

भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' हा तो मिनिटभराचा चित्रपट. वाटाणा फुटतो, वर येतो, वेल होतो. तो पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिने तारण म्हणून गेलेच.

'राजा हरिश्चंद्र'ची कथा इथे पुन्हा सांगत नाही. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारा साळुंके तारामती झाला. दाबके हरिश्चंद्र आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग हे फाळक्यांचे बालमित्र; त्यांना चित्रण फाळक्यांनीच शिकवले. सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्र पुरे झाले. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपियात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ते सर्वांसाठी लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९१२ मध्ये, तोरणे यांचा 'पुंडलिक' तिथेच लागला होता हे खरे, आणि पहिला मान कोणाचा हा वाद अधूनमधून उसळतो. पण 'पुंडलिक'चा कॅमेरा चालवणारा परदेशी होता आणि फिल्म धुऊन आली ती लंडनहून. फाळक्यांनी छिद्रे पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळे दादरच्या घरात केले.

नेमक्या त्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलारला लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर हीच फीत हातात घेऊन बसला होता. त्याला दम्याचा त्रास. काचेच्या पट्ट्यांचे अवजड कॅमेरे वाहणे झेपेना. त्याने चित्रपटाची फीत आडवी धरली. उभ्या फितीत चार छिद्रांत एक चित्र मावत होते, आडव्या फितीत त्याने आठ छिद्रांचे एक चित्र घेतले. त्याचे माप झाले २४ गुणिले ३६ मिलिमीटर. पहिला नमुना १९१३-१४ चा. तो लायका या नावाने बाजारात आला १९२५ मध्ये. आज गंगाखेडच्या मांडवात ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या सेन्सरचे माप हेच. फिल्म गेली, छिद्रे गेली. पण सेन्सरची २४ मिलिमीटरची बाजू म्हणजे छिद्रांच्या दोन रांगांमध्ये उरलेली जागाच. सरस्वतीबाई काळोखात ज्या जागेच्या दोन्ही कडा टोचत होत्या, तीच.

फितीचे माप सर्वांचे झाले. लेन्सच्या तोंडाचे तसे झाले नाही. लायकाच्या लेन्स १९३० नंतर आटे फिरवून बदलता येऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन पेटंटे दोस्त राष्ट्रांनी मोकळी केली आणि त्या आट्यांचे कॅमेरे देशोदेशी निघाले. पुढे मात्र प्रत्येक कंपनीने आपापले तोंड घडवले. निकॉनचे एफ माउंट १९५९ चे. कॅननने १९८७ मध्ये ईएफ आणले तेव्हा आधीच्या एफडी लेन्स जमवलेले लोक उघड्यावर पडले; ती तक्रार जुने फोटोग्राफर अजून करतात. मिररलेस कॅमेऱ्यात मधला आरसा गेला, म्हणून लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली. ईएफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर होते, २०१८ च्या आरएफमध्ये ते २० झाले, निकॉनच्या झेडमध्ये १६, सोनीच्या ई मध्ये १८. फोटोग्राफरच्या बॅगेतली कडी म्हणजे ४४ आणि २० यांतल्या २४ मिलिमीटरांची भरपाई. जुनी लेन्स नव्या बॉडीला त्यामुळे चालते. नवी लेन्स जुन्या बॉडीला चालत नाही, कारण अंतर वाढवता येते, कमी करता येत नाही.

पण आता लेन्स नुसती बसून भागत नाही. बॉडी आणि लेन्स विजेच्या टोकांतून एकमेकांशी बोलतात आणि ती भाषा कंपनीची खासगी असते. सोनीने २०११ मध्ये आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्स-उत्पादकांना विनाशुल्क खुली केली. म्हणून त्या तोंडाला सिग्मा, टॅमरॉन आणि कितीतरी चिनी कंपन्यांच्या लेन्स मिळतात. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटसाठी हातमिळवणी केली. कॅननने दुसरा रस्ता धरला: २०२२ मध्ये तिच्या आक्षेपानंतर व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफ तोंडाच्या ऑटोफोकस लेन्स विकणे थांबवावे लागले. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना कॅननने परवाना दिल्याचे जाहीर झाले, तेव्हा जाहीर झालेल्या लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच होत्या. कंपनीची बाजूही आहे. संशोधनाला पैसा लागतो आणि पेटंटची मुदत वीस वर्षांची असते, कायमची नसते. तरी गंगाखेडच्या फोटोग्राफरची उमेदीची वर्षे वीसच असतात, हा हिशेब कोणत्या अर्जात लिहिला जात नाही.

फाळक्यांनी स्वतः काय केले? १९१३ मध्ये त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१४ मध्ये तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. हेपवर्थनी तिथेच राहून चित्रपट काढण्याची तयारी दाखवली होती. ती नाकारून ते परतले आणि महायुद्ध सुरू झाले. भांडवलदारांनी हात आखडले, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली. त्या ओढगस्तीत १९१७ मध्ये त्यांनी 'लंकादहन' काढला, ज्यात एकटा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाला होता. त्याच वर्षी त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक छोटा चित्रपट केला, आणि 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहून आपल्या धंद्याची कुलपे आपणच उघडली. जादूगार राहिलेल्या माणसाने हे करावे याचे मला फार नवल वाटते. हातचलाखीचे गुपित न सांगणे हा जादूगाराचा पहिला नियम. पण त्यांना हेपवर्थनी जसे सगळे दाखवले होते तसे ते इतरांना दाखवत होते. १९१८ मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी स्वतःच एक कॅमेरा जुळवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणली. तोही त्याच चार छिद्रांच्या जगात.

या मोकळेपणाची किंमत फाळक्यांना पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. दारे सर्वांना उघडली की स्पर्धकही आत येतात. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या पाच धनिकांबरोबर त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' गाजले. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांना हिशेब हवा होता आणि यांना चित्र हवे होते. ते रागावून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिले, १९२२ मध्ये परत आले. पण कंपनीवर हुकमत पुन्हा आली नाही. जुटीच्या भिंतीआड ते सुखी झाले असते का? मला शंका आहे. त्यांचा स्वभाव पाहता भिंतीच्या आतल्यांशीही त्यांचे भांडण झालेच असते.

१९३१ मध्ये बोलपट आला. आवाजाची बारीक पट्टी छिद्रे आणि चित्र यांच्या मधे येऊन बसली, चित्राला अंग चोरावे लागले. छिद्रे जिथल्या तिथे राहिली. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून १९३२ मध्ये पुरा झाला आणि त्याला मागाहून आवाज द्यावा लागला. मग कोल्हापूर सिनेटोनने त्यांना बोलावले. सत्तरीकडे झुकलेल्या दादासाहेबांनी दोन वर्षे खपून १९३७ मध्ये आपला पहिला आणि शेवटचा बोलपट पुरा केला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या माणसाने त्यासाठी विषय घेतला होता 'गंगावतरण'.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, गोदावरीकाठीच, ते वारले. तोवर धंदा त्यांना विसरला होता. १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जाऊ लागला. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणाऱ्या त्या १९१७ च्या चित्रपटाचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. त्यांत फाळके नटांना हालचाली समजावून देत आहेत, चित्रण चालू आहे, फिल्म धुतली जात आहे. गंगाखेडच्या त्या फोटोग्राफरला मी हा तुकडा फोनवर पाठवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि नंतर एवढेच कळवले की कडी तूर्त ठेवली आहे, लेन्स विकल्या नाहीत.